घरचा माणूस आणि पोटाची तपासणी

नांदेड आणि लातूर यांच्या वाटेवर अहमदपूर लागते. त्या तालुक्यातले एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळची वेळ आहे. चुलीवर भाकरी भाजत आहे. सून भाकरी थापते आहे, सासू निखारे पुढे ओढते आहे. सुनेला पाचवा महिना लागला आहे. पहिली मुलगी तीन वर्षांची आहे. ती अंगणात खेळते आहे.

सासू म्हणाली, "अगं, माझा भाचा नांदेडला सोनोग्राफीच्या दवाखान्यात कामाला हाय. मशिनवरच असतोय. येत्या आयतवारी डॉक्टर गावाला जाणार हायती. त्या दिवशी या, फुकटात बघून देतो म्हणला. चिठ्ठी नको, कागद नको, रांग नको."

सून म्हणाली, "पण कशापायी, अत्याबाई?"

"बाळ बरं हाय का ते कळंल. आन् दुसरं बी कळंल."

'दुसरं' म्हणजे काय, ते सुनेला समजले. ती गप्प बसली. पण तिच्या मनात एक निराळीच भीती होती. सकाळी अंगावर थोडे लाल दिसले होते. तिने ते कुणालाच सांगितले नव्हते. तिला वाटले, जावे. भाऊजी घरचेच आहेत. बाळ ठीक आहे एवढे सांगितले, तरी जीव भांड्यात पडेल.

मंडळी, अशी वेळ पुष्कळ घरांत येते. बोलावणारा माणूस वाईट नसतो. तो मायेने बोलावतो. मग जावे की न जावे? नीट विचार करू.

मशीन काय करते?

सोनोग्राफीच्या मशिनीत आवाजाच्या लहरी असतात. तो आवाज इतका बारीक असतो की आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. लहरी पोटात जातात, बाळावर आपटतात आणि परत येतात. त्यांवरून पडद्यावर चित्र उमटते. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना? तसेच हे. यात एक्स-रेसारखे किरण नसतात. ग्लासगो शहरातील डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातल्या बाळाची अशी चित्रे जगापुढे मांडली. तेव्हापासून या मशिनीने असंख्य आयांचे प्राण वाचवले आहेत.

म्हणून तपासणी वाईट नाही. ती करावीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले, की चोवीस आठवडे भरण्याच्या आत प्रत्येक गरोदर बाईची एकदा तरी सोनोग्राफी व्हावी. तीत काय कळते? बाळ एक आहे की जुळे. बाळ गर्भाशयात आहे की बाहेरच्या नळीत अडकले आहे. हृदय, डोके, पाठीचा कणा नीट आहे का. वार कुठे चिकटली आहे. पाणी पुरेसे आहे का.

पण चित्र दिसणे वेगळे आणि चित्र वाचता येणे वेगळे. पुस्तक सर्वांनाच दिसते, पण अक्षर शिकलेल्यालाच ते वाचता येते. मशिनीजवळ रोज उभा राहणारा माणूस बटणे दाबील, बाळाचे ठोके दाखवील. परंतु वार खाली आली आहे का, कण्यात फट आहे का, हे त्याला कोण सांगणार? तो म्हणेल, "सगळं बेस हाय." तुम्ही निश्चिंत होऊन घरी याल. खोटा धीर हा भीतीपेक्षा वाईट असतो. भीती माणसाला दवाखान्यात नेते. खोटा धीर घरी बसवतो.

आशाताई आली

दुसऱ्या दिवशी आशाताई कार्ड भरायला आली. सुनेने तिला बाजूला घेऊन लाल दिसल्याचे सांगितले.

आशाताई म्हणाली, "बाई, गरोदरपणात रक्त दिसलं की आयतवारची वाट बघायची नसते. आजच निघायचं. गाडी नसंल तर १०८ ला फोन लावायचा."

सासू मध्येच म्हणाली, "आमचा भाचा बघणारच हाय की!"

आशाताई रागावली नाही. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मावशी, मी चार गोष्टी इचारते. उत्तरं तुम्हीच द्या. बघणारा कोण? डॉक्टर का मदतनीस?"

"मदतनीस."

"बघितल्यावर कागद कोणता देणार?"

"कागद नाही म्हणला."

"मग बाळंतपणाच्या वक्ती डॉक्टरला काय दाखवणार? आन् बघण्यात चूक झाली तर जबाब कोण देणार?"

सासू काही बोलली नाही.

"आता चौथं. डॉक्टर नसताना, चोरून, बिनकागदाचं काहून बघायचं? सरळ काम असतं तर दिवसा झालं नसतं का?"

कायदा काय सांगतो?

पोटात मुलगा आहे की मुलगी, हे तपासण्यावर बंदी घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने केला. ते साल १९८८. पुढे १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली आणखी कडक करण्यात आला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

सोनोग्राफी फक्त नोंदणी झालेल्या जागीच करता येते. नोंदणीचा दाखला तिथे भिंतीवर लावलेला असावा लागतो. तपासणी शिकलेल्या, पात्र डॉक्टरनेच करायची असते. हलवता येणारे लहान मशीन घरोघर नेऊन बघता येत नाही. प्रत्येक गरोदर बाईसाठी 'एफ' नावाचा अर्ज भरावा लागतो. मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचे नाही, असे बाई त्यावर लिहून देते. आपण ते सांगितले नाही, असे डॉक्टर लिहून देतो. ज्या तपासणीचा अर्ज नाही, ती तपासणी कायद्याबाहेरची.

मुलगा की मुलगी हे तोंडाने सांगणे गुन्हा आहे. खुणेने सांगणे, पेढा की जिलेबी असे सूचक बोलणे हाही गुन्हाच. सांगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जो नातलग असे विचारायला बाईला घेऊन जातो, त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. जबरदस्तीने नेलेल्या बाईला मात्र कायदा शिक्षा करीत नाही. तिच्यावर नवऱ्याने किंवा नातलगांनी दबाव आणला, असेच तो आधी धरून चालतो.

एवढा कडक कायदा कशाला? आकडे पाहा. २००१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ झाल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात तर ८०७ च उरल्या. हजारांत जवळजवळ दोनशेंची तूट! त्या कुठे गेल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यामागे कित्येक आयांचेही जीव गेले.

आणि एक गोष्ट. मुलगा होणार की मुलगी, हे गर्भ राहतो त्याच क्षणी बापाकडून आलेल्या बीजावर ठरते. त्यात आईचा गुण नाही आणि दोषही नाही.

नाही कसे म्हणावे?

सासूला आता अडचण पडली. भाच्याला नाही म्हटले तर तो रागावेल. आशाताई म्हणाली, "त्याच्या भल्याचं सांगा. रागावणार नाही."

सासूने फोन लावला. "हे बघ बाबा, तू मायेनं बोलवलंस. पण कुणी बघितलं तर तुझी नोकरी जाईल, तुरुंग दिसंल. माझ्यापायी तुझी लेकरं उघडी पडायला नकोत. आम्ही लातूरला दाखवतो."

भाचा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "बरं झालं आत्या. मलाही जिवात जीव नव्हता."

मोडावे असे नाते यात काही नव्हते. उलट नाते वाचले.

लातूरला काय झाले?

त्याच दुपारी नवरा, सून आणि सासू लातूरच्या सरकारी दवाखान्यात पोचली. दारावर पाटी होती. सून रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकली होती. तिने बोट ठेवून वाचले: 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' सासूने विचारले, "काय लिव्हलंय?" सुनेने पुन्हा मोठ्याने वाचले. सासूने पदर सावरला आणि खाली पाहिले.

अर्ज पुढे आला. सुनेने तो आधी वाचून घेतला आणि मगच सही केली. अंगठा उठवला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासले. बाळ चांगले होते. पण वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ होती. रक्त त्यामुळेच दिसले. बाई म्हणाल्या, "घाबरू नका. पाचव्या महिन्यात अशी दिसलेली वार पुष्कळदा पुढे वर सरकते. आठव्या महिन्यात परत बघू. तोवर ओझे उचलायचे नाही. पुन्हा रक्त दिसले तर लगेच यायचे. कुणाही सुईणीला आतून हात घालून तपासू द्यायचे नाही. बाळंतपण घरी नको. जिथे रक्त मिळते आणि ऑपरेशन होते, तिथेच करायचे."

हे सारे कागदावर लिहून मिळाले. वाटेत सासू बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोरानं 'बेस हाय' म्हणलं असतं, आन् आपण घरीच बाळंतपण केलं असतं. माय गं!"

नातलग डॉक्टरच असला तर?

समजा, तुमचा नातलग शिकलेला डॉक्टर आहे आणि त्याचे केंद्र नोंदलेले आहे. मग त्याच्याकडे अवश्य जा. पण दिवसा जा. चिठ्ठी घेऊन जा. अर्ज भरा. अहवाल मागून घ्या. पैसे त्याने घेतले नाहीत तरी चालेल. कागद मात्र सोडू नका. खरा डॉक्टर यात कमीपणा मानणार नाही.

पैशांची अडचण असली तरी चोरवाट नको. सरकारी दवाखान्यात २०११ सालापासून गरोदर बाईच्या तपासण्या, सोनोग्राफीसुद्धा, मोफत करण्याची योजना आहे. २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे अशी दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आपल्या भागात आहेत. गावच्या आशाताईला विचारा. ती वाट दाखवील.

हे ध्यानात ठेवा

१. सोनोग्राफी करावी, पण नोंदलेल्या जागी, पात्र डॉक्टरकडून.
२. अर्ज वाचल्याशिवाय सही करू नये. अहवाल घेतल्याशिवाय उठू नये.
३. रक्त दिसणे, पोटात फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाळाची हालचाल मंदावणे: यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.
४. मुलगा की मुलगी हे विचारू नये आणि कुणी सांगितले तर ऐकू नये.

प्रश्न

१. भाच्याकडे जावे असे सुनेला का वाटत होते? सासूला का वाटत होते?
२. आशाताईने कोणत्या चार गोष्टी विचारल्या?
३. खोटा धीर भीतीपेक्षा वाईट का?
४. तुमच्या घरी अशी वेळ आली तर नातलगाला काय सांगाल? ते चार ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.