काळजीचंही माप घ्या

गरोदरपणात दर तपासणीला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन कार्डावर लिहिलं जातं. झोप लागते का, जीव घाबरतो का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. ते विचारायला हवं आणि मोजायलाही हवं, असं माझं ठाम मत आहे.

चिंता मोजणाऱ्या ‘जीएडी-७’ या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल ७ प्रश्न असतात, एकूण गुण २१. दहा किंवा जास्त गुण आले, तर पुढची तपासणी करायची; तेवढ्यावरून निदान होत नाही. धडधड आणि थकवा रक्तक्षयाने किंवा थायरॉईडमुळेही येतो, म्हणून त्या चाचण्याही पाहाव्यात.

अशा प्रश्नावलीतून एक गोष्ट मात्र निसटते. आधीचा गर्भपात, कळांची धास्ती, ‘बाळ अव्यंग असेल ना?’ हा घोर. मुदतीआधीच्या बाळंतपणाशी या खास गरोदरपणातल्या भीतीचा संबंध अनेक अभ्यासांत जास्त ठळक दिसला आहे. म्हणून हे थेट विचारावं, आणि एकटीला विचारावं. सासूबाई शेजारी बसल्या असतील, तर उत्तर ‘सगळं ठीक आहे’ असंच येतं.

तीव्र चिंता दीर्घकाळ राहिली, तर ३७ आठवड्यांआधी बाळंत होण्याची आणि बाळाचं वजन अडीच किलोपेक्षा कमी भरण्याची शक्यता काहीशी वाढते. ताणाची संप्रेरकं वाढतात, झोप आणि जेवण बिघडतं, कुणी मिश्रीकडे वळतं. आणि तंबाखूने बाळाचं वजन घटतं, हे तर पक्कं माहीत आहे. तरीही चिंता असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळं पूर्ण दिवसांची आणि सुदृढ असतात. ज्यांचं बाळ लवकर जन्मलं, त्यांना ‘तूच फार टेन्शन घेतलंस’ असं कृपा करून कुणी म्हणू नये. ते क्रूर आहे, आणि एकेका बाळाबद्दल असं कारण कुणालाच सांगता येत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. समुपदेशनाने चांगला फरक पडतो. आधीपासून गोळ्या चालू असतील, तर त्या मनाने बंद करू नका. काही गोळ्या गरोदरपणातही देता येतात. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटला, तर त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन रुग्णालय गाठा.