ठराव झाला, पुढे काय?

भाईंदर (पूर्व)

चि. भाचीस,


महापालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागून तू नगरसेविका झाल्यापासून तुझ्या घरी माणसांची रीघ लागली आहे. त्या गर्दीत मामाने उपदेश करत बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे पत्र. हारतुरे आवरले की सावकाश वाच.

पेढे द्यायला आलीस तेव्हा जाता जाता म्हणालीस, "मामा, मला एक दिवस महापौर व्हायचंय." ऐकून खरंच बरं वाटलं. पण त्या खुर्चीची ताकद किती, हे आधीच समजून घे. मुदत अडीच वर्षांची. त्यातही आरक्षणाची सोडत कोणत्या प्रवर्गासाठी निघेल याचा नेम नाही. कारभाराची सही आयुक्तांची. महापौराने महासभा चालवायची. सभेने ठराव केला तरी राज्य शासन तो विखंडित करू शकतं. मग माणसाने महापौर होऊन करायचं काय? मला याचं उत्तर महाडच्या एका नगराध्यक्षात सापडतं. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणत.

महाड सत्याग्रह तू शाळेत शिकलीस, पण तो धडा चवदार तळ्याच्या पायरीवर सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्याच्या आधीचं आणि नंतरचं नगरपालिकेचं दप्तर कोणी उघडून दाखवत नाही. तुला मात्र तेच वाचायचं आहे.

4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले, म्हणजे सीताराम केशव बोले, यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशाने बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव चांगला होता, स्पष्ट होता. आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचं पाणी घेता आलं नाही, कारण गावातल्या सवर्णांची दहशत जशीच्या तशी होती. कागदावर तळं सगळ्यांचं, काठावर ठरावीक लोकांचं.

पुष्कळसे लोकप्रतिनिधी इथेच थांबतात. ठराव झाला, वर्तमानपत्रात नाव आलं, आपलं काम संपलं. टिपणीस थांबले नाहीत. नगराध्यक्षाच्या जागेवर असताना त्यांनी डॉ. आंबेडकरांना महाडात बोलावणाऱ्यांच्या बाजूने उघडपणे उभं राहायचं ठरवलं. अस्पृश्यांची परिषद महाडात घ्यावी म्हणून धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे त्याच भागातले तरुण कार्यकर्ते, त्यांचं नाव आधी घ्यायला हवं. सोबत अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे. टिपणीस स्वतः कायस्थ प्रभू. गावातल्या प्रतिष्ठितांत त्यांचं उठणंबसणं. ज्यांच्या घरी लग्नामुंजीला जायचं, त्यांचाच रोष पत्करायचा होता. लहान गावात हे किती जड जातं, ते आपल्या शहरात राहून लवकर कळत नाही.

19 आणि 20 मार्च 1927 ला परिषद भरली. एक तपशील मी तुझ्यासाठी मुद्दाम काढून ठेवला आहे. परिषदेला आलेल्या अडीच-तीन हजार माणसांना प्यायला पाणी हवं होतं. गावातले पाणवठे त्यांना बंद. तेव्हा सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. 1927 चे चाळीस रुपये! आणि हाकेच्या अंतरावर नगरपालिकेचं तळं भरलेलं. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागे सगळे तळ्यावर गेले, पाणी प्याले. परतल्यावर, आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे एकशेआठ घागरी पंचगव्याने तळं 'शुद्ध' करण्यात आलं.

टिपणिसांचं कौतुक करताना ही गोष्ट नजरेआड होऊ देऊ नकोस. मार चालत गेलेल्यांनी खाल्ला. नगराध्यक्षाने फक्त दाराची कडी काढली होती. पण आतून कडी काढणारा कोणीतरी लागतो, आणि तो महापालिकेच्या सभागृहात बसलेला असू शकतो, हेच तर मला तुला सांगायचं आहे.

4 ऑगस्ट 1927 ला महाड नगरपालिकेने 1924 चा ठराव रद्द केला. ठराव करणारं सभागृह तेच, फिरवणारंही तेच. बहुमत बदललं, वारं बदललं. अशा वेळी शहाणा पुढारी गप्प बसतो, पुढच्या निवडणुकीचा हिशेब मांडतो. टिपणिसांनी साथ सोडली नाही. दहा वर्षांनी, 1937 च्या निवडणुकीत, ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कुलाबा जिल्ह्यातून विधानसभेवर निवडून आले. तळ्यावरची बंदी राहावी म्हणून सवर्णांनी केलेला दावा तोवर कोर्टात चालूच होता. त्यातलं अपील आपल्या ठाण्याच्या न्यायालयातही चाललं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला: तळ्यावरची बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. म्हणजे 1924 च्या जानेवारीत एका पानावर लिहिलेल्या ठरावाला तेरा वर्षं लागली. तुझ्या पदाची मुदत पाच वर्षं आहे, महापौराची अडीच. केलेल्या कामाचं फळ आपल्याच मुदतीत मिळालं पाहिजे असा हट्ट धरलास, तर तू फक्त फीत कापण्याची कामं शोधत बसशील.

आता आपल्याकडे ये. आपल्या शहराला स्वतःचं धरण नाही. पाणी येतं ते स्टेम प्राधिकरणाकडून आणि एमआयडीसीकडून, आणि डोळे लागलेले सूर्या पाणीपुरवठा योजनेकडे, जिच्यात मीरा-भाईंदरच्या वाट्याला 218 दशलक्ष लिटर धरलेले आहेत. 2011 च्या जनगणनेतच आपण आठ लाखांवर होतो. पाणी वाढेल, तो आकडा सभागृहात टाळ्या घेईल. तू आकड्यावर समाधान मानू नकोस. वाढलेलं पाणी कोणाच्या नळाला आलं ते विचार. टॉवरला कोणत्या वेळी येतं, चाळीला कोणत्या वेळी. उत्तनच्या कोळीवाड्यात किती दाबाने चढतं. झोपडपट्टीतल्या बाईला हंडा भरण्यासाठी कितीला उठावं लागतं. मे महिन्यात टँकरला पैसे मोजणारी माणसं बघशील, तेव्हा ते चाळीस रुपये आठवू दे.

तुला जात विचारून नळ देणारा अधिकारी आज भेटणार नाही. पण कागद अपुरे म्हणून, वस्ती अनधिकृत म्हणून, 'तो भाग आपल्या मतदारांचा नाही' म्हणून पाणी अडतं. शेवटचं कारण तर विषयपत्रिकेवर कधीच येत नाही, चहा पिताना सांगितलं जातं. तुझ्याच पक्षातला कोणी ते सांगेल. त्या वेळी तू काय बोलतेस, त्यावरून मी तुझी परीक्षा करीन. महापौर झालीस की नाही, यावरून नाही.

एक काम लगेच कर. सचिव कार्यालयात अर्ज दे आणि मागच्या सभागृहाने पाणीपुरवठ्यावर केलेले सगळे ठराव, गोषवाऱ्यासकट, मागवून घे. मध्ये प्रशासकाच्या काळात झालेलेही घे. प्रत्येकासमोर लिही: अंमल झाला, अर्धवट राहिला, की झालाच नाही. तिसऱ्या रकान्यात ज्या वस्त्या येतील तिथे आधी स्वतः जा, सकाळी नळाच्या वेळेला जा. मग पहिल्या महासभेत बोल.

यादी झाली की घेऊन ये. मी रविवारी घरीच असतो.

तुझा,
मामा