थंडीत पेंटबॉलची बंदूक का रुसते?

डिसेंबर-जानेवारी म्हणजे सहलींचे दिवस. लोणावळ्याकडे गेलेली मुलं पेंटबॉल खेळतात आणि सकाळच्या गारठ्यात ओरड सुरू होते, "सर, गोळी लांब जातच नाही!"

विज्ञानाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण कुठलं? बंदुकीच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. त्याची वाफ गोळी ढकलते. २० अंश सेल्सिअसला आतला दाब हवेच्या दाबाच्या साधारण ५७ पट, १० अंशांना ४५ पट. आपल्या केडगावात पारा कधी कधी १० च्याही खाली जातो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. त्यात दर गोळीला द्रवाची वाफ होते आणि बाटली आणखी गार पडते. म्हणून धडाधड न मारता थांबत थांबत मारायचं.

घरचा सिलिंडर संपत आला की काहीजण तो आडवा करतात. ते धोक्याचंच! इथेही बंदुकीचं तोंड खाली केलं की द्रव थेट आत शिरतो, रबरी वायसर कडक होतात, गळती लागते.

गोळ्यांचं कवच जिलेटिनचं. गारठ्यात ते ठिसूळ होऊन नळीतच फुटतं, म्हणून गोळ्या जाकिटाच्या खिशात ठेवा. बाटली मात्र शेकोटीजवळ किंवा गरम पाण्यात अजिबात नको. ३१ अंशांपुढे आत द्रव उरतच नाही, भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो.

आणि हो, थंडीत मास्कच्या काचेवर वाफ धरते. पुसायला मुलं मैदानातच मास्क काढतात. तो मैदानाबाहेर आल्यावरच काढायचा, हे निघण्याआधीच बजावून ठेवा.