खुब्याच्या ऑपरेशननंतर लॅब्रॅडॉरला कधी चालवावं?

प्रश्न : आमच्या ३४ किलोच्या लॅब्रॅडॉरच्या खुब्यातलं मांडीच्या हाडाचं डोकं ऑपरेशन करून काढलं. आठवडा झाला, तो पाय टेकवत नाही. झोपवूनच ठेवावं का?

उत्तर : नाही. यात कृत्रिम सांधा बसवलेला नसतो; आता स्नायूच खुबा पेलणार, म्हणून ते आखडू देऊ नका. डॉक्टरांना विचारून दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं, पट्टा धरून सावकाश चालवा. पोटाखालून टॉवेल घेऊन मागचा भार उचला. गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट अंथरा. जिना आणि उड्या बंद. वजन वाढू देऊ नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मुळीच देऊ नका. जखम सुजली किंवा दोन आठवड्यांनीही पाय टेकला नाही, तर लगेच दाखवा. धीर धरा, ताकद यायला काही महिने लागतात.