आजीचा फोटो पिवळा का पडला?

होस्टेलमध्ये प्रिंटर घ्यायचा म्हटलं की आधी वर्गणी निघते, मग भांडण निघतं आणि शेवटी शाई संपते. आमच्या रूमचंही तेच झालं. चौघांनी पैसे घालून टाकीवाला, चार रंगांचा इंकजेट घेतला. प्रोजेक्ट रिपोर्ट, सबमिशन, स्कॉलरशिपच्या फॉर्मचे पासपोर्ट फोटो, सगळं त्याच्यावरच. कंपनीच्या बाटल्या संपल्यावर अकोल्याहून स्वस्तातल्या आणल्या. काळ्या अक्षरांत काहीच फरक दिसला नाही, त्यामुळे आम्ही आमच्या हुशारीवर खूश होतो.

पुढे माझ्या रूममेटची आजी वारली. त्यांचा तांडा मानोरा तालुक्यात, पोहरादेवीपासून जवळच. रामनवमीच्या यात्रेत त्याने आजीचा एक फोटो काढला होता. लाल फेटिया, आरशांची कांचळी, डोक्यावरून ओढणी आणि तोंडावर ऊन. घरात तिचा दुसरा धड फोटो नव्हता. तेरवीला आम्ही तो ए-४ ग्लॉसी कागदावर छापून, फ्रेम करून दिला. छापताना चेहरा जरा हिरवट वाटला होता, म्हणून ड्रायव्हरमध्ये मॅजेंटाची पट्टी थोडी पुढे सरकवली आणि काम झालं असं समजलो.

सात महिन्यांनी त्याच्या वडिलांचा फोन आला, "पोट्टेहो, फोटोतली माय पिवळी पडून राह्यली." जाऊन पाहिलं तर लाल फेटिया विटकरी झालेला आणि कपाळ पिवळं-हिरवं. फोटो दारासमोरच्या भिंतीवर, बिनकाचेच्या फ्रेममध्ये होता. दुपारचं ऊन थेट त्याच्यावर येत होतं.

फाइल फोनमध्ये होती म्हणून वाचलो. पण तसाच पुन्हा छापून द्यायचा तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोन आला असता. म्हणून बसून अभ्यास केला. त्यातलं उपयोगाचं तेवढं इथे मांडतो.

आकडे आणि थेंब

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. फोन आणि साधे कॅमेरे बहुधा ज्या हिशेबाने हे आकडे लिहितात तो एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने तो १९९६ मध्ये मांडला. आता या आकड्यांसाठी सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी यांचे किती थेंब टाकायचे, हे ड्रायव्हरमधला एक तक्ता ठरवतो. तो तक्ता कंपनीने स्वतःची शाई आणि स्वतःचा कागद धरून बनवलेला असतो. आपण बाटली बदलली, पण तक्त्याला ते कोणी सांगितलं? तो जुन्याच मापाने थेंब टाकत राहतो. वजनकाट्याची मापं बदलायची आणि भाव जुनाच लावायचा, त्यातला हा प्रकार.

आयसीसी प्रोफाइल म्हणजे हा तक्ता नव्याने मोजून लिहिणं. आयसीसी ही संस्था १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून काढली. त्यांचा विचार आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांना लगेच पटेल. प्रत्येक यंत्राला दुसऱ्या प्रत्येक यंत्राशी जुळवत बसण्यापेक्षा मधे एक सामायिक मोजपट्टी ठेवा. प्रोफाइलमध्ये ही मोजपट्टी बहुधा १९७६ ची सीआयई लॅब असते. प्रिंटरचं प्रोफाइल सांगतं की या यंत्राला अमुक आकडे दिले तर कागदावर खरोखर तमुक रंग उमटतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्रोफाइल एकट्या प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार या चौघांचं मिळून ते असतं. एक बदललं की प्रोफाइल गेलं. म्हणून दुसऱ्याच्या प्रिंटरसाठी बनवलेलं प्रोफाइल आपल्याकडे टाकणं म्हणजे मित्राचा चष्मा घालून पेपर लिहिणं.

जुन्या काळी हे काम माणसाच्या डोळ्याने होत होतं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा आणि कोणत्या दगडावर कोणती शाई किती चढवायची हे कारागीर नजरेने ठरवायचे. त्यांचं प्रोफाइल त्यांच्या डोक्यात होतं म्हणा ना.

प्रोफाइलला न जमणारी कामं

आमचा पहिला गैरसमज असा होता की प्रोफाइल बनवलं की कोणतीही शाई चालेल. तसं नाही. लाल रंग मॅजेंटा आणि पिवळ्यातून बनतो. बाटलीतला मॅजेंटाच मुळात फिकट असेल तर फेटियाचा तो लाल कागदावर उतरणारच नाही, प्रोफाइल फार तर त्याच्या जवळचा रंग शोधून देईल. आणि शाई उडायला लागली तर प्रोफाइल काहीच करू शकत नाही. म्हणजे शाई आधी निवडायची, प्रोफाइल नंतर.

शाई दोन जातींची. डायमध्ये रंग पाण्यात विरघळलेला असतो, ग्लॉसी कागदावर तो झकास दिसतो, पण ऊन आणि हवेतला ओझोन त्याला खातात. पिगमेंटमध्ये रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. ते जास्त टिकतात, पण साध्या प्रिंटरवर ग्लॉसी कागदाची चमक कमी-जास्त दिसते. एकाच टाकीत दोन्ही मिसळू नका, गाळ धरून नोझल बसतात. हेडही पाहायचं. एप्सनमध्ये पायझो हेड असतं, ते दाबाने थेंब ढकलतं. एचपी आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरांत शाई क्षणभर उकळवून थेंब उडवतात. एकासाठी केलेली शाई दुसऱ्यात चालेलच असं नाही. "सब प्रिंटर में चलता है" असं दुकानदार म्हणाला की बाटली परत ठेवा.

कंपनीची शाई म्हणजे डोळे झाकून, असंही नाही. सन २००० मध्ये एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० वर काढलेले काही फोटो थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडू लागले. शाई कंपनीची, कागदही कंपनीचाच. हवेतला ओझोन त्या कागदावरचा सायन खात होता.

आम्ही मग सोपी चाचणी केली. आमचा आणि शेजारच्या दोन रूमचा असे तीन प्रिंटर, तीन वेगळ्या शाया, कागद एकच. प्रत्येकावर चारही रंगांच्या आणि करड्या रंगाच्या पट्ट्या छापल्या, निम्म्या भागावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला चिकटवल्या. मागे तारीख लिहिली. वाशिमचा एप्रिल, त्यामुळे उन्हाची कमी नव्हती. तीन आठवड्यांनी फॉइल काढली तर आमच्या बाटलीचा मॅजेंटा निम्म्याच्या आसपास उडालेला. आजी पिवळी का पडली ते तिथेच कळलं. शेजारच्या रूमची शाईसुद्धा कंपनीची नव्हती, पण ती त्याच हेडसाठी बनवलेली होती आणि कंपनीच्या शाईपेक्षा उन्नीस-बीसच निघाली. तीच घेतली. जुनी शाई टाकीत संपू दिली, नळ्यांतली काढायला थोडी वाया घालवली. त्याला इलाज नाही.

चार्ट

प्रोफाइलसाठी शेकडो चौकोनांचा चार्ट छापतात. छापताना ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद ठेवायची. चार्ट एक दिवस वाळू द्यायचा, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरने प्रत्येक चौकोन मोजायचा. सॉफ्टवेअर आर्गिल सीएमएस हे फुकट मिळतं. यंत्र मात्र आपल्या खिशाबाहेरचं आहे. आम्ही चार्ट कुरिअरने एका ओळखीच्या प्रिंटवाल्याकडे पाठवला, त्याने मोजून प्रोफाइल ईमेल केलं.

तरी पहिला प्रिंट भयानक जांभळा आला. गिंपमध्ये फोटो नव्या प्रोफाइलमध्ये बदलून घेतला होता, पण ड्रायव्हरची दुरुस्ती चालूच राहिली होती. दोघांनी आपापल्या परीने रंग सुधारला! ती बंद केली आणि कागदाचा प्रकार चार्टच्या वेळी होता तोच ठेवला, तेव्हा चेहरा जागेवर आला.

यंत्र मिळतच नसेल तर निदान करडा रंग तपासा. तिन्ही आकडे सारखे असलेले चौकोन छापा, म्हणजे ६४-६४-६४, १२८-१२८-१२८, १९२-१९२-१९२. ते दिवसा व्हरांड्याच्या सावलीत पाहा, ट्यूबलाइटखाली नको. करड्यात हिरवी किंवा गुलाबी झाक असेल तर चेहऱ्यातही असणार. ड्रायव्हरच्या पट्ट्या सरकवून ती घालवता येते, पण तेवढंच. गडद भागात जुळवलं की फिक्या भागात बिघडतं, म्हणूनच आमची मॅजेंटाची युक्ती फसली होती.

एक वैतागवाडी गोष्ट राहिली. प्रिंटर बोर्डाच्या बटणाने बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या हेडमधली शाई वाळायला वेळ लागत नाही, आणि मग क्लीनिंगमध्ये जी शाई जाते तिचा हिशेब कोणी करत नाही.

नवा फोटो आम्ही दिवाळीच्या सुट्टीत नेऊन दिला. या वेळी काचेची फ्रेम केली, काच आणि फोटोमध्ये माउंटची जागा सोडली आणि दारासमोरची भिंत सोडून आतल्या खोलीत लावला. काकांनी आधी जवळून, मग लांबून पाहिला आणि म्हणाले, "हा लाल बरोबर हाय." दुसरी प्रत लिफाफ्यात घालून त्यांच्या पेटीत ठेवली आहे. मागे पेन्सिलने शाई, कागद, प्रोफाइलचं नाव आणि तारीख लिहिली आहे. फाइल तीन जणांकडे आहे.