न भरलेले विवरणपत्र आणि फुगलेली आकारणी

‘कर तर रुग्णालयाने कापूनच घेतला, मग विवरणपत्र कशासाठी?’ हा प्रश्न व्यवसायबंधूंकडून मी अनेकदा ऐकतो. त्याचे उत्तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४४ मध्ये आहे. विवरणपत्र नाही व नोटिशीला उत्तरही नाही, तर अधिकारी उपलब्ध माहितीवरून स्वतःच उत्पन्न ठरवितो.

निपाणीचे डॉक्टर कोल्हापूर व बेळगाव या दोन्हीकडे तपासणीस जातात. मध्ये राज्याची सीमा असली तरी पॅन क्रमांक एकच. त्यामुळे दोन्हीकडचे मानधन आणि बँकेतील मोठा रोख भरणा खात्याला एकत्रच दिसतो. समजा, वर्षभरात १८ लाख रुपये रोख भरले गेले. त्यांत १२ लाख फीचे, ४ लाख घरच्या तंबाखूच्या पिकाचे, तर २ लाख आधी काढून पुन्हा भरलेले. कलम ४४ एडीए अन्वये वेळेवर विवरणपत्र भरले असते, तर फीच्या निम्मे, म्हणजे ६ लाख, व्यावसायिक उत्पन्न दाखविता आले असते. खुलासा न झाल्यास पूर्ण १८ लाख उत्पन्न धरले जाण्याचा धोका असतो.

मात्र हा अंदाज मनमानी असू शकत नाही. अकोल्याच्या एका पेढीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९३७ मध्येच सांगितले की, अशा आकारणीत तर्काला जागा असली तरी तो प्रामाणिक हवा. त्यात सूडबुद्धी वा लहरीपणा नसावा.

आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत आयकर आयुक्तांकडे (अपील) दाद मागावी. विवरणपत्रच भरले नसेल, तर अग्रिम कराइतकी रक्कम सामान्यतः आधी भरावी लागते. वसुलीला स्थगिती हवी असल्यास बहुधा मागणीच्या २० टक्के रक्कम भरावी लागते. सोबत बँकेचे उतारे, जमिनीचा उतारा, पिकाच्या विक्रीच्या पावत्या आणि रुग्णांची दैनंदिन नोंदवही जोडावी. तारीख, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप व फी यांची ही वही म्हणजे आपला सर्वांत भक्कम पुरावा होय.

नोटीस येण्याआधीच जाग आली, तर २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. तिची मुदत २०२५ मध्ये २४ वरून ४८ महिने झाली. विलंबानुसार कर व व्याजावर २५ ते ७० टक्के जादा भरावे लागतात. आकारणी पूर्ण झाल्यावर ही वाट बंद होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असला, तरी त्यापूर्वीच्या वर्षांना १९६१ चाच कायदा लागतो.

आपले उत्पन्न आपणच लिहून ठेवावे. न लिहिल्यास ते दुसरा लिहितो.