टांगत्या फुलटोपल्या

मोंगल अमदानींत आपल्या नाशिक शहरास गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचें नगर, असें नांव होतें. पुढें पेशव्यांच्या काळांत जुनें नांव पुन्हां रूढ झालें. शहर वाढलें, वाडे गेले, अंगणें गेलीं, आणि आज आमचे पुष्कळ विद्यार्थी अशा घरांतून शाळेंत येतात कीं, जेथें एका कुंडीपुरतीहि जमीन मोकळी नाहीं. परंतु जमीन नसली तरी छताखालची पोकळी सर्वांपाशीं असते. त्या पोकळींत फुलें कशीं लावावीं, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

वस्तु टांगून ठेवण्याची रीत आपणांस परकी नाहीं. दूधदहीं मांजरापासून वांचावें म्हणून आपल्या आज्या तें शिंक्यावर ठेवीत. फुलटोपली म्हणजे शिंकेंच. फरक इतकाच कीं, दह्याच्या मडक्याच्या जागीं झाड असतें. मुंबईंत मलबार टेकडीवर १८८१ सालीं केलेल्या बागेस हँगिंग गार्डन म्हणतात खरें, पण ती कोठेंच टांगलेली नाहीं. पाण्याच्या मोठ्या टांक्याच्या छतावर माती पसरून ती केलेली आहे. तेव्हां खऱ्या अर्थानें टांगती बाग पाहावयाची असेल, तर ती आपल्या घराच्या गॅलरींतच करावी लागेल.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. एका वर्षीं स्नेहसंमेलनाची तयारी म्हणून दिवाळीपूर्वीं आम्हीं शाळेच्या ओसरींत पांचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गाची एक, अशा सहा टोपल्या टांगल्या. माती एक, खत एक, पिटुनियाचीं रोपेंहि एकाच वाफ्यांतलीं. दुरून शोभा दिसावी म्हणून पांच टोपल्या तुळईच्या आंकड्यांस आठ फुटांवर अडकविल्या. सहावीस आंकडा उरला नाहीं. ती पांचवीच्या वर्गाची होती. ती आम्हीं कोपऱ्यांतील खिडकीच्या गजाला छातीइतक्या उंचीवर बांधून टाकिली. सुटींत पाणी कोणीं घालावयाचें, हें मात्र आम्हीं ठरविलेंच नाहीं.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हां वरच्या पांचहि टोपल्यांतील रोपें वाळून काड्या झालीं होतीं. कोपऱ्यांतली टोपली मात्र फुलांनीं भरली होती. चौकशी करितां कळलें कीं, शेजारीं राहणारी पांचवींतील एक मुलगी रोज सकाळीं येऊन लोटीभर पाणी घालीत असे. आम्हीं सहज विचारलें, “मग बाकीच्या टोपल्यांना कां घातलें नाहींस?” ती खालीं पाहून म्हणाली, “सर, हात पुरत नव्हता. मी पाणी वर उडवून पाहिलं, पण सगळं माझ्याच अंगावर पडलं.”

ती ओशाळली, वास्तविक ओशाळावयास पाहिजे होतें तें आम्हीं. टोपल्या आम्हीं पाहणाराच्या डोळ्यांसाठीं टांगल्या होत्या. पाणी घालणाराच्या हाताचा विचार आम्हांस सुचला नव्हता.

टोपलीला एवढी तहान कां लागते, हें आतां पाहूं. जमिनींतील झाड पाणी आटलें कीं मूळ खोल नेतें. टोपलींतील झाडास तो मार्ग बंद असतो. शिवाय वारा त्याची ओल चहूंकडून ओढून घेतो. नाशिकास एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो, त्या दिवसांत लहान टोपली सकाळीं भिजविली तरी संध्याकाळीं कोरडी होते. येथें भूमितीचा उपयोग करून पाहावा. २० सेंटिमीटर व्यासाच्या अर्धगोल टोपलींत सुमारें २ लिटर माती मावते, आणि ३० सेंटिमीटर व्यासाच्या टोपलींत सुमारें ७ लिटर. म्हणजे व्यास दीडपट केला, तर माती तिपटीहून अधिक मावते. पण ज्या पृष्ठभागावाटे ओल उडून जाते, तो सव्वादोनपटच वाढतो. म्हणून मोठी टोपली सावकाश वाळते. नवशिक्यानें ३० सेंटिमीटरांहून लहान टोपली घेऊं नये. मात्र ओली टोपली सहज आठ-दहा किलो भरते, याकरितां आंकडा गिलाव्यांत न ठोकतां तुळईंत किंवा स्लॅबमध्यें पक्का बसवावा, आणि तो येण्याजाण्याच्या वाटेवर नसावा.

टोपली तारेची घ्यावी, किंवा बुरुडाकडून बांबूची करून घ्यावी. बांबूची टोपली ओलीनें लवकर कुजते, परंतु ती स्वस्त असते व दिसावयास सुंदर दिसते. घरांत जुनी चाळण पडलेली असेल तर उत्तमच. तिला भोकें पाडण्याचेहि श्रम नाहींत. आंतून नारळाच्या काथ्याचें किंवा गोणपाटाचें अस्तर द्यावें. आपला जिल्हा कांद्याचा. एखादें तागाचें रिकामें पोतें मिळावयास अडचण पडूं नये. आपली काळी माती एकटी वापरूं नये, कारण ती जड असते व वाळली म्हणजे आकसून कडा सोडते. चाळलेली माती एक भाग, कुजलेलें शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि कोकोपीट या नांवानें मिळणारा काथ्याचा भिजविलेला भुसा एक भाग, असें मिश्रण करून त्यांत मूठभर निंबोळी पेंड घालावी. कांठाखालीं दोन बोटें जागा मोकळी ठेवावी, म्हणजे पाणी वाहून जाणार नाहीं.

लावणीचा नियम सोपा आहे: मध्यें उभें वाढणारें झाड, त्याभोंवतीं झुपकेदार, आणि कडेस लोंबणारें. अस्तरास बाजूनें चिरा पाडून त्यांतूनहि रोपें लाविलीं, तर टोपली फुलांचा चेंडूच दिसूं लागते. ऋतु पाहून झाडें निवडावीं. हिंवाळ्यासाठीं ऑक्टोबरमध्यें पिटुनिया लावून कडेस ॲलिसम किंवा नॅस्टर्शियम सोडावें. नॅस्टर्शियमचीं पानें व फुलें तिखट चवीचीं असून खातां येतात. उन्हाळ्यांत मध्यें सदाफुली व कडेस ऑफिस टाइम, म्हणजेच चिनी गुलाब, लावावा. याच्या जाड पानांत पाणी सांठलेलें असतें, म्हणून तो ऊन सोसतो. पावसाळ्यांत मध्यें तेरडा चांगला. आणि जेथें ऊन येत नाहीं तेथें नेचे व मनीप्लांट लावावे.

याहून निराळ्या कल्पनाहि करून पाहाव्या. एका टोपलींत एकाच रंगाचीं फुलें ठेवावीं. पांढऱ्या फुलांची टोपली संध्याकाळीं फार शोभते. स्वयंपाकघराच्या खिडकींत मध्यें मिरचीचें रोप, बाजूस पानओवा व कडेस पुदिना लावून आईस ती भेट द्यावी. सह्याद्रीचीहि एक आठवण येथें सांगावीशी वाटते. हृदयाकृति पानांच्या माळा सोडणारी एक वेल जगांत पुष्कळ ठिकाणीं टोपल्यांत लावितात. ती दक्षिण आफ्रिकेकडील असून सेरोपेजिया या वंशांतील आहे. तिचीं भावंडें आपल्या डोंगरांत आहेत. त्यांस कंदीलपुष्प म्हणतात. त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरील अंजनेरीच्या डोंगरावर सांपडलेल्या अशा एका जातीस २००६ सालीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्या डोंगराचेंच नांव दिलें. ती अत्यंत दुर्मीळ आहे. सहलीस गेलां असतां दिसली, तर पाहावी, तिचें चित्र काढावें, पण ती उपटून टोपलींत आणूं नये. रोपवाटिकेंतील झाडें टोपलीसाठीं, डोंगरावरचीं डोंगरासाठीं.

आतां निगा. टोपलीखालीं तळहात धरून ती किंचित् उचलावी. हलकी लागली कीं तिला पाणी पाहिजे असें समजावें. अगदीं कोरडी झालेली माती पाणी पीत नाहीं, तें कडेनें गळून जातें. अशा वेळीं टोपली बादलींत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. रोजच्या पाण्याबरोबर खताचा अंशहि वाहून जातो, म्हणून पंधरवड्यांतून एकदां गाळलेलें पातळ शेणपाणी घालावें. सुकलेलीं फुलें खुडावीं. बीं धरूं लागलेलें झाड फुलणें कमी करितें. खालीं ताटली ठेविली असल्यास तींतील पाणी सांठूं देऊं नये, कारण डेंग्यूचे डांस अशाच पाण्यांत वाढतात. दोन-चार दिवस बाहेरगांवीं जाणें झालें, तर आपल्या द्राक्षबागाइतदारांचें ठिबक आठवावें: बाटलीच्या बुचास सुईनें बारीक भोंक पाडून ती भरून टोपलींत उलटी रोवावी, म्हणजे पाणी थेंबथेंब मुळांशीं जातें.

आणि उंची? घरांतील ज्या लहानांत लहान मुलाकडे पाणी घालण्याचें काम असेल, त्याचा हात जेथें पोंचतो ती टोपलीची उंची. ती वरच टांगावयाची असेल, तर विहिरीवर असते तशी लहान कप्पी लावून दोरी खुंटीस बांधावी, म्हणजे टोपली खालीं घेतां येते. त्या वर्षापासून आम्हीं शाळेंत हाच क्रम ठेविला आहे, आणि सुटीपूर्वीं पाणी घालणारांची यादी फळ्यावर लागते.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलास एक टोपली द्यावी आणि आंकडा त्याच्या हाताच्या बेतानें बसवावा. थोडक्यांत विश्वासू राहण्याचा धडा आपल्या शास्त्रांत सांगितला आहे; तो लोटीभर पाण्यानेंहि गिरवितां येतो. मुलें काम टाळितात असें आपण पुष्कळदां म्हणतों. तसें म्हणण्यापूर्वीं, तें काम आपण त्यांच्या हातास पोंचेल असें ठेविलें होतें काय, हें एकदां पाहून घ्यावें. आम्हांस तें एका पांचवींतील मुलीनें शिकविलें.